रघुनाथराव कर्वे आणि न्यायालये

जुन्या मराठी घरांतून अण्णासाहेब कर्व्यांची तसबीर अजूनही दिसते. हिंगण्याचा आश्रम, महिला विद्यापीठ, १९५८ सालचे भारतरत्न, एकशे चार वर्षांचे आयुष्य. मुलांना सांगण्यासारखे त्यांच्यापाशी पुष्कळ असते व ते आवर्जून सांगितलेही जाते. त्यांच्या थोरल्या चिरंजिवांचे नाव मात्र याच घरांतून पुष्कळ दिवस आवाज खाली घेऊन उच्चारले जात असे. बैठकीतल्या कपाटात अण्णासाहेबांचे आत्मचरित्र मानाने ठेवलेले असे, आणि रघुनाथरावांचे 'समाजस्वास्थ्य' मासिक आले तरी ते गादीखाली जाई. आता या गोष्टीचे हसू येते, पण त्या गादीखालच्या अंकापायी एका विद्वान माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागले, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

गर्भ ठेवावा की न ठेवावा हे कोणी ठरवावयाचे, बाईने, डॉक्टराने, की न्यायाधीशाने, हा वाद अलीकडे पुन्हा रंगात आला आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली तेथील स्त्रियांना दिलेला हक्क २०२२ च्या जून महिन्यात काढून घेतला. आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने आपल्याकडच्या स्त्रियांचा हक्क वाढविला. वर्तमानपत्रांतून या निकालांची चर्चा करणारे लोक लंडन-वॉशिंग्टनचे दाखले देतात. ते द्यावेत. परंतु मराठी माणसाला या वादाची सुरुवात पाहण्यासाठी इतक्या लांब जाण्याचे कारण नाही. ती गिरगावातल्या एका गणिताच्या प्राध्यापकापाशी सापडते.

रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी, दापोलीजवळच्या मुरुडचा. याच १८८२ साली आपल्या शेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुष तुलना' हे लहानसे पुस्तक पुण्यात छापून निघाले. वऱ्हाड तेव्हा नावापुरते का होईना निजामाचेच होते, म्हणून ताराबाईंना शेजारच्या म्हटले. ते पुस्तक ज्या खटल्यामुळे लिहिले गेले तो आमच्या विषयाला जवळचा आहे. १८८१ साली सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेला, जन्मलेले मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली होती. ती पुढे अपिलात कमी होऊन काळ्या पाण्यावर आली. वर्तमानपत्रांनी त्या बाईवर, व तिच्या निमित्ताने सगळ्याच बायकांवर, झोड उठविली. ताराबाईंनी विचारले ते एवढेच, की त्या मुलाचा बाप कोठे आहे. त्याआधी १८६३ साली ज्योतिराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, त्यामागेही अशाच एका विधवेला झालेली शिक्षा होती. विधवेने लग्न करावयाचे नाही, तिला दिवस गेले तर ते लपवावयाचे, लपविता आले नाही तर कोर्टात जावयाचे, असा तो जमाना. रघुनाथराव जन्मले ते या हवेत.

१८९१ साली त्यांच्या मातोश्री राधाबाई बाळंतपणात वारल्या. मुलगा नऊ वर्षांचा होता. त्या वयात आईचे असे जाणे मुलाच्या मनात कोठे जाऊन बसते हे कोण सांगणार? चरित्रकार अशा ठिकाणी पुढच्या साऱ्या कार्याचे बीज शोधतात. मला तसे करण्याचा मोह होत नाही, कारण त्या काळी निम्म्या घरांतून बाळंतपणात कोणी ना कोणी गेलेलेच असे, आणि त्या घरांतून दुसरा रघुनाथ काही निघाला नाही. पण त्यांच्यापुढे आकडे मांडणारा कोणी आला, की त्या आकड्यांमागे एक बाजेवरची बाई आहे हे त्यांना सांगावे लागत नसे, एवढे खरे.

पुढे १८९३ साली अण्णासाहेबांनी पुनर्विवाह केला तो गोदूबाई या बालविधवेशी. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातल्या त्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. लोक त्यांना बाया कर्वे म्हणून ओळखतात. मुरुडच्या ब्राह्मण मंडळींनी या लग्नाबद्दल कर्व्यांवर बहिष्कार घातला. म्हणजे वयाच्या अकराव्या वर्षी रघुनाथरावांनी पाहिले ते असे: वडिलांनी एक विचारपूर्वक, निरुपद्रवी, उलट चांगली गोष्ट केली, आणि गावाने पंगतीतून उठविले. पुढे त्यांना स्वतःला लोकनिंदेचे भय वाटले नाही त्याचे थोडे श्रेय या गावकऱ्यांनाही दिले पाहिजे.

बुद्धी तल्लख. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून १८९९ साली ते मॅट्रिकला पहिले आले. नंतर फर्ग्युसन कॉलेज, गणित विषय, आणि मग प्राध्यापकी. पहिले महायुद्ध संपल्यावर ते गणिताच्या अधिक अभ्यासासाठी पॅरिसला गेले. फ्रेंच भाषा त्यांना उत्तम येत असे, आणि गणिताबरोबर तिकडची शरीरशास्त्राची व कामशास्त्राची पुस्तकेही त्यांनी वाचून काढली. हा विषय त्यांनी छंद म्हणून घेतला नव्हता. गणित्याने प्रमेय हातात घ्यावे तसा घेतला होता: गृहीत काय, सिद्ध काय, आणि रूढीने उगाच मध्ये घुसडलेले काय. त्यांच्या सगळ्या लेखनाला ही शिस्त आहे. आणि सगळ्या लेखनाचा जो कोरडेपणा वाचकाला कधी कधी बोचतो, तोही याच शिस्तीतून आला.

परत आल्यावर १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी आपला दवाखाना उघडला होता, तेव्हा मुंबई या बाबतीत लंडनच्या मागे नव्हती. १९२३ साली 'संततिनियमन' हे पुस्तक आले. रघुनाथराव विल्सन कॉलेजात गणित शिकवीत होते. मिशनऱ्यांचे कॉलेज, प्राध्यापकाने असल्या विषयावर उघड लिहावे हे त्यांना मानवणारे नव्हते. १९२५ साली प्राध्यापकाने नोकरी सोडली, किंवा सोडण्यास भाग पाडले गेले म्हणा. सनातनी हिंदू आणि सनातनी ख्रिस्ती यांचे एकमत होण्याचे प्रसंग फार थोडे येतात, त्यांपैकी हा एक.

येथे कायद्याविषयी दोन शब्द लिहिणे जरूर आहे, कारण त्या वेळी लोकांच्या बोलण्यात गर्भ राहू न देणे आणि राहिलेला गर्भ पाडणे या दोन गोष्टींची सर्रास गल्लत होई, आणि विरोधक ती मुद्दाम करीत. १८६० च्या भारतीय दंडविधानाच्या ३१२ व्या कलमाने गर्भपात हा गुन्हा होता. गर्भपात करविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत, आणि गर्भ हालचाल करू लागल्यावर केला तर सात वर्षांपर्यंत कैद. स्वतः बाईसुद्धा यातून सुटत नसे. तिचा जीव वाचविण्यासाठी केला तरच सूट. याउलट गर्भ राहू न देणे हा कोणत्याही कलमाखाली गुन्हा नव्हता. मात्र त्याविषयी लिहिणे गुन्हा ठरू शकत होते, कारण तेथे अश्लीलतेचे २९२ वे कलम आडवे येई. म्हणजे बाईची स्थिती अशी की दिवस जाऊ न देण्याची माहिती तिला कोणी छापून द्यावयाची नाही, आणि दिवस गेल्यावर कोणी सोडवावयाचे नाही. दोन्ही बाजूंनी दरवाजा बंद, आणि मधल्या खोलीत सुईण, काडी, नि नाना प्रकारची विषारी मुळे. रघुनाथरावांनी पहिला दरवाजा उघडण्याचे काम घेतले. तो उघडला असता तर दुसऱ्यावर धडका देणाऱ्यांची संख्या आपोआप कमी झाली असती.

'समाजस्वास्थ्य' १९२७ च्या जुलै महिन्यात सुरू झाले आणि पुढे सव्वीस वर्षे चालले. मासिक चालविणे म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या आकड्याची किंमत कळेल. पाठीशी संस्था नाही, संस्थानिकाचा आश्रय नाही, वर्गणीदार भीत भीत वर्गणी पाठविणार. संपादक, लेखक, मुद्रिते तपासणारा आणि पुष्कळदा हिशेबनीसही एकच. मुखपृष्ठावर वस्त्रहीन स्त्रीचे चित्र असे, त्यामुळे आत काय आहे ते न पाहताच लोक मत देत. आत पाहिले तर गुप्तरोगांची माहिती, आहारशास्त्र, विवाहाचा कायदा, वेश्याव्यवसायाचा विचार, पुस्तकांची परीक्षणे. 'शारदेची पत्रे' या सदरात शारदा नावाची बाई समाजातल्या चालू गोष्टींची खिल्ली उडवी. ती शारदा म्हणजे संपादक स्वतःच. हा विनोद त्यांना छान साधे. एरवी रागावले की ते विनोद विसरत, आणि मग लेख वकिली नोटिशीसारखा होई.

या सर्वात मालतीबाई कर्व्यांचा वाटा थोडा नव्हता. आपल्याला मूल नको हा निर्णय पतिपत्नी दोघांनी मिळून घेतला आणि पाळला. दुसऱ्यांना सांगावयाचे ते आधी आपल्या घरात, असा हा खाक्या. नोकरी गेलेल्या नवऱ्याचे बिनकिफायतीचे मासिक, दारावर कुत्सित पत्रे, नातेवाइकांत कुजबुज, आणि वर पदरी मूल नाही म्हणून बायकांच्या तोंडून येणारी कीव. मालतीबाईंनी हे किती वर्षे सोसले याचा हिशेब कोणत्याही खटल्याच्या कागदात नाही. अण्णासाहेब मुलाच्या या कामात पडले नाहीत. त्यांच्यामागे हिंगण्याच्या मुली होत्या, वर्गणीवर चालणारी संस्था होती. त्यांचे मौन मला समजू शकते, रघुनाथरावांनाही ते समजले असावे.

एक आडवळण घेतो. गाणे शिकविणाऱ्या माणसाला एक गोष्ट दर दोन-चार वर्षांनी दिसते. एखादी मुलगी चांगली तयार होत आलेली असते, गळा वळू लागलेला असतो, ख्यालाची बढत आता कोठे तिला कळू लागलेली असते. लग्न होते, तरी ती काही दिवस येते. मग एक बाळंतपण, दीड वर्षाने दुसरे, आणि तंबोऱ्याला खोळ चढते ती चढतेच. पूर्वीच्या पिढीत तर हा नियमच होता. दरबारी गवयांच्या घरांतूनसुद्धा मुलांना तालीम, मुलींना पाळणा. शरीर थकले, दम गेला, हे कारण कोणी सांगत नसे. देवाची इच्छा म्हणत. रघुनाथरावांचे म्हणणे नेमके येथे येते. देवाची इच्छा म्हणून जे सांगितले जाते त्यात बाईची इच्छा कोणी विचारली आहे काय? त्या काळचे संततिनियमनाचे पुष्कळ पुरस्कर्ते देशाच्या लोकसंख्येची, अन्नधान्याची, दारिद्र्याची भाषा बोलत. रघुनाथरावही बोलत. सुप्रजेच्या त्या वेळच्या कल्पनांची, अमक्याने मुले व्हावीत नि तमक्याने होऊ देऊ नयेत असल्या विचारांची, छायाही त्यांच्या लेखनावर आहे, आणि आज ती वाचवत नाही. पण त्यांच्या विचाराचा गाभा निराळा होता. स्त्रीला पुरुषाइतकेच सुख हवे असते, तिला ते मागण्याचा अधिकार आहे, आणि मूल केव्हा व्हावे, व्हावे की न व्हावे, हे तिने ठरवावे, हे त्यांनी मराठीत स्पष्ट लिहिले. गोंधळ उडाला तो एवढ्यासाठीच. लोकसंख्येच्या भाषेला कोणी खटला भरला नसता.

पहिला खटला १९३१ सालचा. व्यभिचाराच्या प्रश्नावरील एका लेखाबद्दल त्यांना पकडण्यात आले. शंभर रुपये दंड झाला, उच्च न्यायालयात अपील केले, तेही फेटाळले गेले. दुसरा खटला १९३४ सालचा, वाचकांच्या खाजगी शंकांना मासिकातून दिलेल्या उत्तरांबद्दल. या वेळी त्यांची वकिली केली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. गोलमेज परिषदा आटोपून आलेले, सगळ्या देशात नाव झालेले हे बॅरिस्टर. असली वादग्रस्त केस त्यांनी न घेतली तर कोणी दोष दिला नसता. लैंगिक विषयावर शास्त्रीय दृष्टीने लिहिले म्हणजेच ते अश्लील ठरत नाही, आणि ज्या शंका लोकांच्या मनात आहेतच त्यांना ज्ञानाखेरीज दुसरे उत्तर नाही, या बाजूने त्यांनी काम चालविले. निकाल विरुद्ध गेला. दोनशे रुपये दंड. १९३४ साली दोनशे रुपये ही मासिक चालविणाऱ्या बेकार प्राध्यापकाला लहान रक्कम नव्हती.

हरणे जवळजवळ ठरलेलेच होते, आणि त्याचे कारण न्यायाधीशाच्या स्वभावापेक्षा कसोटीत होते. आपली न्यायालये त्या वेळी १८६८ सालच्या एका इंग्रजी निकालातली कसोटी लावीत. तिचा अर्थ असा की पुस्तक ज्यांच्या हाती पडण्याचा संभव आहे त्यांतल्या कच्च्या मनाच्या माणसाला ते बिघडवील काय, हे पाहावयाचे. लेखकाचा हेतू काय, जाणत्या वाचकाला त्यातून काय मिळाले, हे गौण. म्हणजे मैफलीतल्या सर्वांत कच्च्या कानाच्या माणसाला काय वाटले यावरून गवयाला बिदागी द्यावी की हाकलावे हे ठरविण्यासारखे आहे. ही कसोटी स्वतंत्र भारतातही पुष्कळ वर्षे राहिली. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली, आणि २०१४ साली टाकून दिली. रघुनाथरावांच्या खटल्यानंतर बरोबर ऐंशी वर्षांनी.

हे सारे चालले होते ते इंग्रजी मुलखात. संस्थानी प्रजेला त्या वेळी इंग्रजी मुलूख म्हणजे सुधारणेचे माहेर वाटे. पण या एका बाबतीत एका संस्थानाने इंग्रज सरकारला मागे टाकले होते. म्हैसूर दरबाराने १९३० साली सरकारी इस्पितळांतून संततिनियमनाची केंद्रे उघडली. सरकारने स्वतः असे केंद्र उघडण्याचा जगातला हा पहिला प्रसंग मानतात. मुंबईत ज्यासाठी दंड होत होता त्यासाठी म्हैसुरात दरबारी पगारावर डॉक्टर नेमले जात होते! आमच्या निजामी मुलखात दोन्ही नव्हते. राज्याचे दंडविधान निराळे. इंग्रजांचे दंडविधान हैदराबादेत, आणि म्हणून आदिलाबाद, उटनूर, किनवट, राजुरा या तालुक्यांत, लागू झाले ते १९५१ साली. तोवर इकडच्या बाईचा प्रश्न कोर्टापर्यंत पोचण्याचीच वेळ क्वचित येई. तो विहिरीपाशी संपे.

१९३५ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या मार्गारेट सँगरबाई वर्ध्याला जाऊन महात्मा गांधींना भेटल्या. गांधीजींना जास्त मुले नकोत हे मान्य, पण उपाय ब्रह्मचर्याचा. साधने वापरणे त्यांना मुळीच पसंत नव्हते. बाईने नवऱ्याला नकार द्यावयास शिकावे, असे ते म्हणत. नकार देणाऱ्या बाईचे घरात पुढे काय होते, हे रघुनाथरावांना वाचकांच्या पत्रांतून ठाऊक होते. महात्माजींच्या विरुद्ध लिहिण्यास त्या दिवसांत धाडस लागे. त्यांनी लिहिले, आणि सनातन्यांबरोबर काँग्रेसचे लोकही दुरावले.

१० नोव्हेंबर १९३८ रोजी हा प्रश्न मुंबईच्या विधानसभेत आला. स्वतंत्र मजूर पक्षाचे श्री. पी. जे. रोहम यांनी सरकारने संततिनियमनाच्या साधनांचा पुरस्कार करावा असा ठराव मांडला. भाषण तयार केले होते बाबासाहेबांनी. ते स्वतः हजर नसल्यामुळे रोहम यांनी ते सभागृहापुढे ठेवले. चार वर्षांपूर्वी कोर्टात हरलेली बाजू बाबासाहेबांनी विधिमंडळात पुन्हा उभी केली, आणि तीही बाळंतपणाच्या यातना कोणाला सोसाव्या लागतात हा मुद्दा पुढे ठेवून. ठरावाच्या बाजूने अकरा मते पडली, विरुद्ध बावन्न.

येथवरचा हिशेब असा: कॉलेजात हरले, कोर्टात दोनदा हरले, विधिमंडळात त्यांचा विचार हरला. मासिक मात्र निघत राहिले.

मग स्वातंत्र्य आले, आणि पहिल्या पंचवार्षिक योजनेत १९५२ साली भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर केला. त्यासाठी पासष्ट लाख रुपये ठेवले. तीनशे रुपये दंड भरलेल्या माणसाने ही बातमी वाचली असणार. आरोग्यमंत्री राजकुमारी अमृतकौर गांधीजींच्या शिष्या, तेव्हा सुरुवातीला भर राहिला तो दिवस मोजून संयम पाळण्याच्या पद्धतीवर. पण दार उघडले होते. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी रघुनाथराव निवर्तले. 'समाजस्वास्थ्य'चा नोव्हेंबरचा अंक त्यांच्यामागे निघाला, आणि तो शेवटचा. अण्णासाहेबांचे वय तेव्हा पंचाण्णव होते. थोरल्या मुलाच्या मागे ते आणखी नऊ वर्षे जगले.

चरित्र येथे संपते; वाद संपला नाही, म्हणून पुढचे लिहितो.

सरकारने रघुनाथरावांचे साधन उचलले, विचार उचलला नाही. देशाला मुले कमी हवीत एवढ्यापुरतेच हे साधन कामाला आले. १९७५ ते १९७७ च्या आणीबाणीत सक्तीने शस्त्रक्रिया झाल्या त्या याच वाटेने जाऊन. ज्या माणसाने इच्छेचा प्रश्न विचारला त्याच्या कामाचा वारसा सांगून इच्छेविरुद्ध माणसे पकडून नेली गेली, ही थट्टा शारदेलाही सुचली नसती.

गर्भपाताच्या कायद्याचे तसेच झाले. चोरून केलेल्या गर्भपातांत बायका मरत होत्या. १९६४ साली केंद्र सरकारने एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष महाराष्ट्राचे मंत्री श्री. शांतिलाल शहा. समितीने १९६६ च्या अखेरीस अहवाल दिला, १९७१ साली कायदा झाला, १ एप्रिल १९७२ पासून अमलात आला. बारा आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत, वीस आठवड्यांपर्यंत दोघांचे. इंग्लंडने असा कायदा १९६७ साली केला होता. अमेरिकेचा निकाल यायचा होता. म्हणून आपण पुढारलेले असे म्हणता येईल, पण कायद्यात अधिकार दिला तो डॉक्टरला. बाईने मागावयाचे, डॉक्टरने सद्भावनेने मत बनवावयाचे. ३१२ वे कलम होते तेथेच राहिले, फक्त त्याच्या आड एक पडदा लागला.

या कायद्यात एक स्पष्टीकरण आहे, ते वाचताना मला रघुनाथरावांचे दोनशे रुपये आठवतात. विवाहित स्त्रीने किंवा तिच्या पतीने मुलांची संख्या मर्यादित ठेवण्यासाठी वापरलेले साधन निष्फळ ठरले व दिवस गेले, तर त्यामुळे होणारा मनस्ताप हा गर्भपाताला पुरेसे कारण समजावा, असे ते म्हणते. ज्या साधनांविषयी उघड लिहिणे १९३४ साली संकटाला आमंत्रण देणे होते त्यांचे नाव १९७१ साली संसदेच्या कायद्यात आले. मात्र 'विवाहित' हा शब्द राहिला. पन्नास वर्षे तो राहिला. २०२१ च्या दुरुस्तीने पतीच्या जागी जोडीदार आला, काही स्त्रियांना मुदत चोवीस आठवड्यांची झाली, आणि गर्भात गंभीर व्यंग असेल तर त्यापुढेही वैद्यकीय मंडळाने परवानगी द्यावी असे ठरले. २००८ साली मुंबईच्या एका दांपत्याने, पोटातल्या मुलाच्या हृदयात दोष आहे म्हणून, मुदत उलटल्यावर उच्च न्यायालयाकडे परवानगी मागितली होती आणि ती नाकारली गेली होती. त्या प्रकरणाने हा प्रश्न घरोघर पोचविला. २९ सप्टेंबर २०२२ रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने, एका पंचवीस वर्षांच्या अविवाहित तरुणीच्या प्रकरणात, चोवीस आठवड्यांच्या सवलतीत विवाहित-अविवाहित असा भेद करता येणार नाही असा निकाल दिला, आणि मूल होऊ द्यावे की नाही याचा निर्णय ही स्त्रीची स्वतःची बाब मानली.

आता मुलीचा गर्भ पाडण्याची जी दुष्ट चाल पडली, जिच्यासाठी महाराष्ट्राने १९८८ साली आणि देशाने १९९४ साली लिंगनिदानाविरुद्ध कायदे केले, तिचे काय, असे कोणी विचारील. विचारणे योग्यच आहे. पण तेथेही बाईची इच्छा कितपत असते, आणि सासूची, नवऱ्याची कितपत, हे पाहिले म्हणजे प्रश्न पुन्हा रघुनाथरावांच्या प्रश्नापाशी येतो. सोनोग्राफीच्या खोलीत पुष्कळदा बाई फक्त निजलेली असते, ठरविणारे बाहेर बसलेले असतात.

न्यायालयांचे पाऊलही सरळ पुढे पडते असे नाही. १६ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयापुढे दोन मुलांच्या आईचे प्रकरण होते; सव्वीस आठवडे झालेले, मागच्या बाळंतपणानंतर मनाचे दुखणे जडलेले. एका पीठाने आधी परवानगी दिली होती, नंतर दोन न्यायाधीशांत मतभेद झाला, शेवटी न्यायमूर्ती चंद्रचूड यांच्याच तीन न्यायाधीशांच्या पीठाने परवानगी नाकारली. गर्भ निरोगी, आईच्या जिवाला तातडीचा धोका नाही, कायद्याची मुदत संपलेली. आठवडाभर तिच्या पोटातल्या मुलाविषयी देशातले मोठमोठे वकील बोलत होते. १ जुलै २०२४ पासून जुने दंडविधान जाऊन भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात ३१२ वे कलम अठ्ठ्याऐंशी या आकड्याने जसेच्या तसे बसले आहे.

आमच्या बाजूला १९५६ साली प्रांतांची सरहद्द पडली, किनवट नि राजुरा तिकडे गेले, आदिलाबाद इकडे राहिले. नातीगोती, सोयरिकी दोन्हीकडे आहेत. चोवीस आठवडे उलटल्यावर कायद्याबाहेरची परवानगी हवी असेल तर किनवटच्या बाईने छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठाकडे जावयाचे, राजुऱ्याच्या बाईने नागपूरला, आणि तिच्या आदिलाबादच्या मावसबहिणीने हैदराबादला, रस्त्याने सुमारे तीनशे किलोमीटर. वकील गाठावयाचा, अर्ज करावयाचा, मंडळापुढे तपासून घ्यावयाचे, तारखेची वाट पाहावयाची.